सल्ला हवा: गावात एकत्र बसून बघायला आणि नंतर बोलायला कोणत्या मालिका दाखवाव्यात?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यात बचत गटांचं काम बघते. आमच्या ग्रामसंघाकडे आता प्रोजेक्टर आहे. दर शनिवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बायकांना एकत्र बसवायचं, एखाद्या मालिकेचा निवडक भाग दाखवायचा आणि नंतर अर्धा-पाऊण तास त्यावर बोलायचं, असं मनात आहे. पहिला विषय बालविवाहाचा. त्यानंतर दारू आणि मारहाण, नवरा गेलेल्या बाईला मिळणारी वागणूक आणि मुलगाच हवा हा हट्ट. शेवटच्या विषयाबद्दल सांगायचं तर २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी.

मालिकाच का? कारण भाषणं भरपूर झाली. साहेब येतात, कायदा सांगतात, बायका माना डोलावतात, चहा होतो आणि सगळ्या घरी जातात. पण मालिकेत एखाद्या पोरीला सासरी छळलं की याच बायका दुसऱ्या दिवशी नळावर तावातावानं बोलत असतात. तिचं काय चुकलं, सासूनं असं करायला नको होतं, नवरा गप्प का बसला. स्वतःच्या घरातलं जे कधी तोंडातून निघत नाही ते दुसऱ्याच्या नावानं सगळं बाहेर पडतं. मला ते बोलणं व्हरांड्यात आणायचं आहे.

अडचणी अशा. दिवाळीनंतर टोळ्या ऊस तोडायला बाहेर निघतात, मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात. त्यामुळे जे करायचं ते आत्ताच. हिंदी कळतं, पण फार अलंकारिक नको. भाग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा मोठा नको, कारण स्वयंपाक राहिलेला असतो.

कोणती मालिका, तिच्यातलं नेमकं काय, आणि नंतर बोलतं कसं करायचं, तिन्हीवर सल्ला द्या.

चावडी

बालविवाहासाठी 'बालिका वधू'. डोळे झाकून. त्यातली नायिका आनंदी लहान असतानाचे भाग घ्या, मोठी झाल्यावरचे नकोत.

जुना_अँटेना

रानजाई, धागा वाचून फार बरं वाटलं. हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही जे करायला निघालात ते आपल्याकडे सरकारनं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं आहे. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांचं लेखन, पी. कुमार वासुदेव यांचं दिग्दर्शन, १५६ भाग. तिची कल्पना मेक्सिकोतून आली. तिथे मिगेल साबिदो नावाच्या निर्माता-दिग्दर्शकानं १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर आणि १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर रोजच्या मालिका केल्या होत्या आणि त्यांचा परिणाम लोकांच्या वागण्यात दिसला होता.

साबिदोची रीत समजून घेतली तर भाग निवडणं सोपं जातं. त्याच्या मालिकेत तीन प्रकारची माणसं असतात. एक, जे योग्य तेच करतात. दुसरे, जे चुकीचं करतात आणि त्याची फळं भोगतात. तिसरे मधले, ज्यांना कळतं पण वळत नाही. ते एक पाऊल पुढे टाकतात, घाबरून मागे येतात, पुन्हा टाकतात. प्रेक्षक जीव लावतो तो या मधल्यांना, कारण तो स्वतः तसाच असतो. तेव्हा भाग निवडताना नायिका काय बोलते याकडे कमी बघा. त्या भागात कुणाचं मन डळमळतंय ते शोधा. ज्या भागात कुणीच डळमळत नाही तो कितीही गाजलेला असला तरी सोडून द्या.

आता 'हम लोग'मधल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. सुरुवातीच्या तेरा-एक भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका ठासून भरला होता की लोक कंटाळले. मग तो कमी केला, घरातली माणसं आणि त्यांची भांडणं पुढे आणली आणि मालिका घराघरात गेली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे, त्या दिवशी जे घडलं त्यावर दोन शब्द बोलायचे आणि प्रश्न विचारायचे की तुम्ही असता तर काय केलं असतं. प्रेक्षकांची पत्रं आली चार लाखांच्या घरात. त्या काळी टीव्ही किती कमी घरांत होता ते लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट भागवंतीची. ती या घरातली आई. दारुड्या नवऱ्याचं आणि सासूचं सगळं मुकाट सोसणारी. असं सोसू नये, हे दाखवायला लेखकानं ती उभी केली होती. पण प्रेक्षकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की कितीतरी जणींना तीच आदर्श वाटली. बाई असावी तर अशी. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी हे नोंदवून ठेवलंय. लेखकाला जे म्हणायचंय तेच बघणाऱ्याच्या मनात उतरेल, याची खात्री नसते. म्हणून तुमचा नंतरचा अर्धा तास हाच खरा कार्यक्रम आहे, मालिका त्याची सुरुवात करून देते एवढंच. कुणी म्हणालं, "सोसलं म्हणून संसार टिकला," तर त्या बाईला गप्प करू नका. ते वाक्य सगळ्यांसमोर निघणं फार मोलाचं आहे. दुसरी कुणीतरी तिला उत्तर देईल आणि ते तुमच्या उत्तरापेक्षा जास्त लागू पडेल.

कातळशिल्प

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण 'बालिका वधू'ला माझा विरोध आहे. प्रामाणिकपणे सांगतो. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो. गॅदरिंगला पाचवी-सहावीतल्या मुली आनंदीसारखा घागरा आणि दागिने घालून नाचल्या आणि समोर आया कौतुकानं फोटो काढत होत्या. लहान पोरीचं लग्न हे दुःख आहे, असं त्या वेशभूषेतून एकाही मुलीपर्यंत पोचलं नव्हतं. २००९ मध्ये लोकसभेतही या मालिकेवर आक्षेप घेतला गेला होता. रंगीत हवेली, सणवार, गाणी, आणि मधूनमधून खाली पट्टी फिरते की हा गुन्हा आहे. पट्टी कोण वाचतं?

शिवाय आठ वर्षं चाललेली मालिका. २००८ ते २०१६, दोन हजारांवर भाग. मूळ विषय पहिल्या टप्प्यातच मागे पडला आणि मग नेहमीचंच सुरू झालं.

चावडी

कातळशिल्प सर, मुद्दा पटला. म्हणूनच निवडून दाखवायचं म्हणतोय. आनंदीची मैत्रीण फुली, जी लहानपणीच विधवा होते, तिचे भाग बघा. तिथे घागऱ्याचं कौतुक उरत नाही. आणि आनंदीची नणंद सुगना. तिला सासरी पाठवायच्या दिवशीच नवरा मारला जातो. हे भाग बघताना आमच्या घरात कुणी जेवलं नव्हतं.

जुना_अँटेना

आणि कल्याणीदेवी! आनंदीची आजेसासू, दादीसा. सुरेखा सिक्री यांनी ती भूमिका अशी केलीय की राग येतो आणि तिचं म्हणणंही कळतं. ती रूढीची राखणदार आहे आणि पुढे हळूहळू बदलत जाते. रानजाई, तुमच्यासमोर बसणाऱ्यांत सासवाही असतील ना? त्यांना आनंदीची गोष्ट सांगून उपयोग नाही, त्यांना दादीसाची गोष्ट हवी. मुलीचं लग्न ठरवण्याचा अधिकार आनंदीच्या हातात नाहीच, तो दादीसाच्या हातात आहे.

गोंयकार

मालिका म्हणजे टाकाऊच, असं एक मत नेहमी निघतं, इथेही निघेल म्हणून आधीच लिहून ठेवतो.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आमचं गोवा इथल्या गावांत त्यांनी २००१ ते २००३ या काळात पुन्हा पुन्हा जाऊन त्याच घरांना प्रश्न विचारले. मधल्या काळात काही गावांत केबल आली, काहींत आली नाही. जिथे आली तिथे नवऱ्यानं बायकोला मारणं चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा म्हणणाऱ्या कमी झाल्या आणि घरातल्या निर्णयांत बायकांचा वाटा वाढला. त्या काळात केबलवर काय लागायचं? सासू-सुनांच्या मालिका! प्रबोधन वगैरे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग असं का झालं? माझी समजूत अशी, की त्या मालिकांमधल्या बायका शहरात राहतात, शिकलेल्या असतात, घराबाहेर पडतात. गावातल्या बाईला असंही जगणं असतं हे रोज दिसायला लागलं. अर्थात हे सगळं लोकांनी तोंडी दिलेल्या उत्तरांवर बेतलेलं आहे. उत्तर बदललं म्हणजे घरातलं वागणंही तेवढंच बदललं, असं मी म्हणणार नाही. पण मारहाण चालते असं म्हणायची लाज वाटायला लागली, हेही मला मोठंच वाटतं.

शेवंता_मावशी

बाळ रानजाई, माझं वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यामुळे मी जुनंच सुचवणार. 'रजनी' दाखव. १९८५ ची, बासू चॅटर्जींची. आपल्या तेंडुलकरांची प्रिया. गॅस सिलिंडर वेळेवर मिळत नाही, टॅक्सीवाला यायला नकार देतो, असल्या रोजच्या गोष्टींवर पदर खोचून उभी राहणारी साधी गृहिणी. प्रत्येक भागात नवीन प्रश्न आणि त्याच भागात त्याचा निकाल, त्यामुळे मागचं माहीत असायची गरज नाही. मुंबईत टॅक्सीवाल्यांनी त्या भागाविरुद्ध निदर्शनं केली होती. म्हणजे बघ, किती लागलं असेल.

तुझ्या विषयांत ती बसत नाही, हे मला कळतं. पण सुरुवात तिनं कर. पहिल्याच शनिवारी बालविवाह काढलास तर ज्यांनी पोरी लवकर दिल्या त्या अंग चोरून बसतील. आधी रेशन दुकानदाराला प्रश्न विचारणारी बाई दाखव. बोलायची सवय होऊ दे.

रानजाई

मावशी, हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे रेशनवरून बोलायला तर सगळ्या तयारच असतात. सुरुवात अशीच करते.

इंद्रायणीकाठ

मराठीतलं कुणीच कसं सांगितलं नाही अजून?

'उंच माझा झोका', झी मराठी, २०१२-१३. रमाबाई रानडे. अकरा वर्षांची मुलगी तिच्यापेक्षा वीस-एक वर्षांनी मोठ्या माणसाला दिली जाते, हे बालविवाहच आहे आणि मालिका ते लपवत नाही. पण माझ्या मते तुमच्या बायकांना भिडेल तो भाग वेगळा. रमाबाई शिकायला लागतात तेव्हा घरातल्याच बायका त्यांना टोचून बोलतात, अडवतात, एकटं पाडतात. नवरा न्यायमूर्ती, शिकवायला उत्सुक, तरी स्वयंपाकघरात तिला वाली नाही. बाईला बाई का अडवते, यावर तुमच्या व्हरांड्यात तासभर बोलणं होईल. (तेजश्री वालावलकरची छोटी रमा बघून माझी आई सगळी कामं बाजूला ठेवायची.)

एक धोका आहे. "ते मोठ्या घरचे लोक, त्यांचं काय," असं कुणीतरी म्हणेल. म्हणून जोडीला 'सावित्रीजोती' घ्या, सोनी मराठी, २०२०. अश्विनी कासार आणि ओंकार गोवर्धन. शेण-चिखल झेलत शाळेला जाणारी सावित्री सगळ्यांना माहीत असते, पण तिच्या घरात काय चाललंय ते या मालिकेत दिसतं. टीआरपी नाही म्हणून वर्षाच्या आतच बंद केली, याचं मला आजही वाईट वाटतं. चांगल्या मालिका नाहीत म्हणून आपण ओरडतो, आणि असते तेव्हा दुसरं चॅनेल लावतो. या धाग्यामुळे ती चार गावांत बघितली गेली तर मला फार आनंद होईल.

पन्हाळगड

विधवांच्या विषयासाठी 'अग्गंबाई सासूबाई', झी मराठी, २०१९. सून पुढाकार घेऊन सासूचं दुसरं लग्न लावते आणि पोटचा मुलगाच आडवा येतो. निवेदिता सराफ यांचं काम सुंदर आहे. घर शहरी, श्रीमंती आहे, पण त्या सासूचं, आसावरीचं, आयुष्यभर सगळ्यांचं ऐकत राहणं गावातल्या बाईलाही अनोळखी वाटणार नाही.

आणि हा भाग दाखवाल तेव्हा शेजारी हेरवाडची गोष्ट नक्की सांगा. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मालिका बघून बायका म्हणतील, "टीव्हीत ठीक आहे." तेव्हा हातात ठरावाची प्रत असू द्या. ठराव नेटवर मिळतो, नाही मिळाला तर इथे विचारा, मी मिळवून देतो.

माळरान

दारू-मारहाणीसाठी आपल्याकडची एकही मालिका मला पटत नाही. बाई सोसते, सोसते, आणि शेवटी नवरा एका रात्रीत सुधारतो. हे दाखवू नका. यातून "थांब, सुधारेल" एवढंच शिकायला मिळतं, आणि तेवढ्यात एखादीचा जीव जातो.

जकरांदा

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं जोहान्सबर्गला आहे. माळरान यांचा मुद्दा अगदी बरोबर, आणि इथे त्यावर फार छान काम झालंय म्हणून लिहिते.

'सोल सिटी' नावाची मालिका इथे १९९४ पासून टीव्हीवर यायची. आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या लोकांनीच उभी केलेली. १९९९ च्या मालिकेत थबांग नावाचा शिक्षक, लोकांत मान असलेला, घरी बायकोला, मत्लाकालाला मारतो. शेजारी सगळं ऐकतात आणि गप्प राहतात, कारण घरातली बाब. एके दिवशी मारहाण चालू असताना शेजारी त्याच्या घरासमोर जमतात आणि भांडी वाजवायला लागतात. कुणी आत शिरत नाही, कुणी त्याला हात लावत नाही. आम्हाला ऐकू येतंय, एवढंच त्याला कळवतात. मालिका दाखवल्यावर खऱ्या वस्त्यांमध्येही लोकांनी भांडी वाजवल्याच्या बातम्या आल्या.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की बदल नवऱ्याच्या मनात होण्याची वाट बघितली नाही. बदल शेजाऱ्यांमध्ये दाखवला. बघणाऱ्याला उद्या सकाळी करता येईल असं काहीतरी हातात दिलं. आणि मालिकेबरोबर मदतीचा फोन नंबरही चालू केला होता, स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना सोबत घेऊन.

मालिका इथल्या भाषांत आहे, त्यामुळे तुमच्याकडे दाखवायला जमणार नाही. पण गोष्ट तोंडी सांगता येईल. किंवा तुमच्या बायकांनाच तो प्रसंग करून दाखवायला सांगा. ताट-वाट्या तर घरात असतातच.

खडकवासला_लाइन

'मैं कुछ भी कर सकती हूँ' सुचवतो. २०१४ पासून दूरदर्शनवर आली, पॉप्युलेशन फाउंडेशन ऑफ इंडियाची निर्मिती, दिग्दर्शक फिरोज अब्बास खान. डॉ. स्नेहा माथुर मुंबईतली नोकरी सोडून आपल्या गावी, प्रतापपूरला परत येते. बालविवाह, गर्भलिंग तपासणी, दोन मुलांमधलं अंतर, तुमचे बहुतेक विषय त्यात आहेत. ती बनवलीच अशा वापरासाठी आहे. भाग बघून लोक फोन करून आपलं म्हणणं नोंदवायचे, अशी सोय होती. हिंदी सोपं आहे.

पुरुषांचं काय, हे कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. लग्न मोडायचं की लावायचं हे शेवटी बाप, चुलते आणि ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम ठरवतात ना?

रानजाई

दादा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पुरुष या व्हरांड्याकडे फिरकत नाहीत. बोलावलं तर बायकांचं बोलणं बंद होईल अशी भीती आहे.

जुना_अँटेना

वेगळे बसवा, पारावर, आणि विषयाचं नाव काढू नका. 'जासूस विजय' आठवते का कुणाला? २००२ पासून दूरदर्शनवर, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्ट आणि नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, यांची. आदिल हुसेन गुप्तहेर. खून, पाठलाग, सगळा मसाला, आणि त्यातून एचआयव्हीची माहिती. भागाच्या शेवटी ओम पुरी येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. पुरुष मंडळी खून कुणी केला ते बघायला बसायची आणि जे कुणी सांगितलं नसतं ते ऐकून उठायची. तुमच्या विषयावर ती नाही, पण रीत उचलण्यासारखी आहे. पुरुषांसाठी आधी गोष्टीची ओढ, मग विषय.

रानजाई

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. मध्ये बरेच दिवस गेले, आता काय झालं ते सांगते.

'रजनी'नं सुरुवात केली. मावशींचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. एरवी मागे बसणाऱ्या बायका रेशनच्या धान्यावर बोलल्या, मापावर बोलल्या, एकीनं तर दुकानदाराची नक्कल केली. नंतरच्या शनिवारी 'बालिका वधू'मधला फुलीचा भाग आणि मग दादीसाचा एक भाग दाखवला.

फुलीच्या भागाला सगळ्या रडल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. दादीसाच्या भागाला मात्र बोलणं निघालं. एक आजी म्हणाल्या, "म्हातारीचं काय चुकलं? तिला वाटतंय घर राहावं." त्यावर त्यांचीच सून, जी मला कधी बोलताना दिसली नाही, म्हणाली, "घर राहिलं, पोरगी नाही राहिली." आजी रागावल्या नाहीत. गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "खरंय."

आणि मग एका आईनं जे विचारलं त्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "ताई, त्या हवेलीत पोरीचं लग्न रीत म्हणून लावतात. आमचं तसं नाही. आम्ही दोघं कोयता घेऊन सहा महिने जाणार. चौदा वर्षांची पोरगी मागं कुणापाशी ठेवू? सोबत नेली तर फडावरच्या कोपीला, झोपडीला, दार नसतं. लग्न केलं तर तिची जबाबदारी तिच्या नवऱ्याची, आणि त्या दोघांचाही एक कोयता, म्हणजे तोडणीची जोडी होते, आगाऊ उचल मिळते. तुमच्या मालिकेत याचं काय आहे?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मालिकेत याचं काहीच नाही. एकाही मालिकेत नाही. बीडमधलं बालवयातलं लग्न हे रूढीइतकंच, किंबहुना जास्तच, उचल आणि असुरक्षिततेचं आहे. आमच्या पोरींची गोष्ट अजून कुणी लिहिलेलीच नाही. कुणी लेखक-निर्माते हा धागा वाचत असतील तर माझी हात जोडून विनंती आहे, एकदा कोपीत येऊन राहा आणि मग लिहा.

जुना_अँटेना

रानजाई, त्या माउलीनं साबिदोचा अर्धा धडा एका प्रश्नात सांगितला. त्याच्या साक्षरतेच्या मालिकेत एका भागात पात्रानं सांगितलं की शिकण्याची पुस्तकं अमुक ठिकाणी फुकट मिळतात. दुसऱ्या दिवशी मेक्सिको सिटीत त्या ठिकाणी हजारो लोक लोटले, रस्ते तुंबले. गोष्टीनं इच्छा जागी केली तर पुढचं पाऊल टाकायला जागा तयार हवी. तुमच्याकडे ती जागा कोणती?

रानजाई

वसतिगृह. त्या आईला नेमकं तेच हवंय. आमच्याकडे टोळ्या गेल्यावर लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. बायकांना नाव माहीत आहे, पण प्रवेश कसा, कागद कोणते, मुलगी तिथे सुरक्षित आहे का, हे कुणी समोर बसून सांगितलेलं नाही.

माळरान

मग पुढच्या भागाच्या दिवशी वसतिगृहाच्या गृहपाल बाईंनाच बोलवा. भाषण नको. त्यांनी बायकांबरोबर खाली सतरंजीवर बसून मालिका बघायची आणि नंतर फक्त प्रश्नांची उत्तरं द्यायची. वसतिगृहात आत्ता राहणारी एखादी मोठी मुलगी आईवडिलांच्या संमतीनं येऊ शकली तर आणखी उत्तम.

पन्हाळगड

शिवाय हे लिहून भिंतीवर लावा: बालविवाह होतोय असं कळलं तर १०९८, चोवीस तास, फुकट, कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. महिलांसाठी १८१. तातडीला ११२. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे कितीतरी जणांना माहीत नसतं. मारहाणीच्या भागाला तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना बोलवा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे ते पद असतं.

इंद्रायणीकाठ

एक व्यवहाराची सूचना. भाग आधी पूर्ण बघा आणि दाखवायच्या ठिकाणाची वेळ लिहून ठेवा, जाहिराती आणि मागचा गोषवारा गाळा. गावात रेंज गेली तर पंचाईत होते, म्हणून ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवा. जाहीर दाखवायचं असल्यानं वाहिनीला एक मेल करून परवानगीही मागा. प्रश्न दोनच ठेवा: "यातलं कोण आपल्या गावात आहे?" आणि "तिच्या शेजारी तुम्ही राहत असता तर?"

रानजाई

दोन्ही प्रश्न घेतले. पुढचे शनिवार असे ठरवलेत: 'उंच माझा झोका'मधला टोमण्यांचा भाग, मग जकरांदाताईंनी सांगितलेला भांड्यांचा प्रसंग बायकांनीच करायचा. थबांगचं काम करायला आमच्या गटाच्या अध्यक्ष तयार झाल्यात, नवऱ्याची टोपी घालून. हेरवाडचा ठराव पन्हाळगड दादांनी पाठवलाय, तो आसावरीच्या भागाला वाचू. पुरुषांसाठी पारावर 'मैं कुछ भी कर सकती हूँ'चे भाग लावून बघणार आहोत, एका मुकादमानं स्वतःहून वीज द्यायचं कबूल केलंय.

गृहपाल बाई दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी येणार आहेत. प्रवेशाला कोणकोणती कागदपत्रं लागतात, याची यादी कुणी अलीकडे अर्ज भरला असेल तर इथे टाका. ऊसतोड कामगार असल्याचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून काढावं लागतं एवढं मला माहीत आहे, आणि आमच्यातल्या निम्म्या जणींकडे ते नाही. ते काम सोमवारपासून सुरू करतेय.